उचल घ्यायची तर आधी वही घ्या

खैराचा कात पाडणारे म्हणून आपण कातकरी. जंगल हातचं गेलं, मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. मी वीटभट्टीवरच रांगायला शिकले. आता आमच्या सुधागडच्या वाडीतलं कुणी उचल, म्हणजे भट्टीच्या शेठकडून कामाआधीचे पैसे, घ्यायला निघालं की मी आधी त्याच्या हातात शंभर पानी वही देते.

पहिल्या पानावर लिहा: उचल किती, कुठल्या दिवशी, देताना कोण हजर होतं, आणि हजारी भाव, म्हणजे हजार विटांची मजुरी, काय ठरला. उचल घ्यायची वेळ भादव्यातली. घरात तांदूळ नसतो, त्यामुळे भाव विचारायला जीभ उचलत नाही. तरी विचारायचाच. आणि नावं दोन लिहायची, नवऱ्याचं आणि बायकोचं. विटांच्या मातीचा गारा दोघं तुडवतात, शेठच्या वहीत मात्र एकटा बाप्या असतो.

लिहिता येत नसेल तर माझ्या आईसारखं करा. हजार विटा पडल्या की एका डब्यात एक चिंचोका. शेठकडून आठवड्याची खर्ची घेतली की दर शंभराला दुसऱ्या डब्यात वालाचा एक दाणा. सुट्टीला भट्टीवर गेले की मी दोन्ही डबे मोजून वहीत उतरवायची.

एका साली मिरगाआधी हिशेब झाला तेव्हा शेठच्या वहीत ८५ हजार विटा होत्या, आमच्या डब्यात ९४ चिंचोके. बा एक शब्द बोलला नाही. दाराशी उकिडवा बसून जमीन बघत राहिला. त्याचा बापही तसाच बसायचा म्हणे. मी घरी येऊन त्याच्यावर ओरडले, ती माझी चूक. ओरडून ती भीती जात नाही, आणखी आत शिरते. पुढच्या साली आम्ही चार जोड्या मिळून हिशेबाला बसलो. मी आकडे वाचले, बा नुसता शेजारी बसला. पण खुर्चीवर.

निघण्याआधी गुरुजींकडून पोरांची शिक्षण हमी कार्डं घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं.

‘उचल फिटल्याशिवाय वाडीवर जायचं नाही’ असं कुणी म्हणालं, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज रद्द होतं. ते वेठबिगारीचं नाही हे शेठनं सिद्ध करायचं, आपण नाही. तहसीलदार किंवा कलेक्टरकडे अर्ज द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, वहीची झेरॉक्स जोडा. मुक्तीचा दाखला मागा, तोंडी ‘जा घरी’ चालत नाही. तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत असते, पण ती हातात पडेपर्यंत चूल पेटायला हवी. म्हणून आमच्या चार जोड्या खर्चीतून थोडे तांदूळ बाजूला टाकतात.

त्या सालचे वाल आईनं अजून शिजवू दिलेले नाहीत. भुंगा लागलाय, तरी डबा आढ्यालाच आहे.