घोट्याला रंगीत टेप? पट्टी निवडताना या चुका टाळा

मेडिकलमध्ये जाऊन नुसतं ‘टेप द्या’ म्हटलं तर समोर काय येईल याचा नेम नाही. एक जण मायक्रोपोर काढून देईल, दुसरा क्रेप बँडेज, आणि स्पोर्ट्सच्या दुकानात गेलात तर निळी-गुलाबी कायनेसिओ टेप हातात पडेल. प्रत्येकीचं काम वेगळं. मायक्रोपोर ड्रेसिंग जागेवर धरून ठेवते, सांध्याला तिचा काडीचा आधार मिळत नाही. तेव्हा पैसे काढण्याआधी ठरवा: हालचाल अडवायची आहे, सूज दाबायची आहे, की हालचाल चालू ठेवून जरा बरं वाटायला हवं आहे?

मुरगळलेल्या घोट्यावर कायनेसिओ टेप

मैदानावर सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ही टेप जपानच्या केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात तयार केली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्शच्या खांद्यावर ती टीव्हीवर दिसली आणि तिची मागणी एकदम वाढली. पण तिची सगळी रचना ताणलं जाण्यासाठी आहे. मूळ लांबीच्या जवळजवळ दीडपट ती ताणते. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारे बंध, दुखावतात. जी पट्टी स्वतःच ताणते, ती पावलाला वळण्यापासून काय अडवणार?

दुखऱ्या खांद्याला किंवा गुडघ्याला ती लावून हलकं वाटत असेल तर खुशाल लावा. अभ्यासांत तिचा फायदा झालाच तर थोडा आणि थोड्या दिवसांपुरता दिसतो, हे मात्र लक्षात असू द्या. लावताना दोन्ही टोकं अजिबात न ताणता चिकटवायची, कोपरे कात्रीने गोल कापायचे म्हणजे कपड्याला अडकून सुटत नाहीत, आणि वरून हाताने चोळायचं, कारण तिचा गोंद उष्णतेने धरतो. जास्त ताणली की जास्त गुण येतो, हा गैरसमज आहे. त्याने फक्त कातडीवर फोड येतात.

घोट्याला हवी ती पांढरी, न ताणणारी झिंक ऑक्साइड टेप, साधारण 3.8 सेंमी रुंदीची. इथे पट्टीपेक्षा पाऊल कसं धरलं आहे याला जास्त महत्त्व आहे. पाऊल नडगीशी काटकोनात हवं. पाऊल सैल लोंबकळत असताना टेप मारली, तर उभं राहताच ती एका जागी काचते आणि दुसरीकडे ढिली पडते. नडगीच्या खालच्या भागात आधी एक आडवी पट्टी घ्या. मग उभ्या पट्ट्या: आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून न्यायच्या आणि बाहेरच्या बाजूला वर ओढायच्या. उलट दिशेने ओढलीत तर ज्या बाजूला पाऊल वळू नये तिकडेच त्याला खेचाल. झाल्यावर पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबीपणा परत आला नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर टेप लगेच काढा.

आणि ही टेपही अमरपट्टा घेऊन येत नाही. वीस-तीस मिनिटं जोरात खेळल्यावर ती बरीच सैल पडते. पुरुषांच्या कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात. पहिल्या डावाआधी मारलेल्या टेपवर दुसऱ्या डावात भरवसा ठेवू नका, मध्यंतरात तपासा. रोजच्या सरावाला टेपवर पैसे घालवण्यापेक्षा लेसवाला अँकल ब्रेस घ्या. घोटा पुन्हा मुरगळू नये यासाठी तो टेपइतकाच उपयोगी पडतो, सैल झाला तर स्वतः आवळता येतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो.

क्रेप बँडेज सुजेवर दाब देण्यासाठी. बोटांकडून गुडघ्याच्या दिशेने गुंडाळायचं, टाच उघडी सोडायची नाही आणि रात्री झोपताना काढायचं. ते बांधून सामन्यात उतरू नका.

टेप चिकटतच नाही

दोष बहुतेकदा टेपचा नसतो. सामन्याआधी तेलाने मालीश करून वर टेप मारली की ती पाचव्या मिनिटाला सुटणारच. कातडी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, केस बारीक कापा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मैदानावर घाम निथळत असताना टेप मारू नका, घरूनच मारून निघा. कायनेसिओ टेप तर खेळाच्या निदान अर्धा तास आधी हवी. खाज, पुरळ किंवा जळजळ सुरू झाली तर ‘सामना संपल्यावर बघू’ नको.

वाकलेलं बोट

व्हॉलीबॉल, क्रिकेट, कबड्डी, सगळीकडे बोट दुखावलं की शेजारच्या बोटाला बांधून खेळायची पद्धत आहे. साध्या लचकीला ती ठीक आहे. दोन बोटांत कापसाची किंवा गॉजची घडी ठेवा आणि टेप सांध्यांच्या मधे मारा, सांध्यावर नको. पण चेंडू बोटाच्या टोकावर आदळला आणि आता शेवटचं पेर खाली लोंबतंय, स्वतःहून सरळ होत नाही, तर वरचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो किंवा हाडाचा तुकडा निघालेला असू शकतो. याला टेप नव्हे, स्प्लिंट (पेर सरळ धरून ठेवणारा कडक आधार) लागतो, साधारण सहा ते आठ आठवडे, सलग. मधे एकदा जरी पेर वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ‘बघू, बसेल आपोआप’ म्हणून हे बोट अंगावर काढणारे फार, आणि मग ते कायमचं वाकडं राहतं.

घोट्याच्या बाबतीतही आधी हाड बघा. मार लागल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर हाडातच कळ येत असेल, तर टेप बाजूला ठेवून एक्स-रे काढा. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी घट्ट टेप स्वतःच्या हाताने मारूच नये. पोटरी अचानक सुजून गरम आणि लाल झाली असेल, तर तिला टेप, मालीश काही नको. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

काढताना टेप झटक्यात ओढू नका. कडेला खोबरेल तेल लावून थोडा वेळ मुरू द्या, मग केसांच्या दिशेने, कातडी दुसऱ्या हाताने दाबून धरत, हळूहळू सोडवा.