सिगारची चव जिभेवर नाही, नाकात कळते

सिगार एकदा ओढून बघितली आणि नुसता कडू धूर लागला, असं म्हणणारे खूप भेटतात. जरा विचारलं की कळतं, सिगरेटसारखी ओढली होती, म्हणजे झुरका थेट छातीत, मग ठसका, मग डोकं गरगरणार. सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नसतो, तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. तिचा धूर सिगरेटच्या मानाने अल्कलाइन (आम्लाच्या उलट, क्षारधर्मी) असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच अंगात जातं. आता म्हणून ती निरुपद्रवी आहे असं अजिबात नाही हां, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर सिगारनेही होतो, आणि ज्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही त्यांनी हे वाचून सुरू करू नये. हे लिहितोय ते जे अधूनमधून ओढतातच त्यांच्यासाठी.

आधी एक प्रयोग करा, त्यात तंबाखू नाही. चिमूटभर बडीशेप घ्या आणि नाक चिमटीत धरून चावा. जरा गोडसर लागेल, बाकी काही नाही. आता चावता चावता नाक सोडा, बडीशेपेचा वास एकदम डोक्यात भरेल. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूममधली ती रसदार चव) एवढंच कळतं, बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशामागून नाकात वर चढणारा वास असतो, सर्दी झाली की आमटी बेचव लागते ती म्हणूनच. सिगारचं पण हेच, धूर तोंडातूनच आत आणि तोंडातूनच बाहेर काढला तर हाताशी आलेलं बरंचसं तुम्ही सोडून दिलं.

थोडा धूर नाकावाटे बाहेर सोडायचा, याला रेट्रोहेल म्हणतात, आणि हे शिकायला मला तरी बऱ्याच सिगार लागल्या कारण कोणी नीट सांगितलंच नव्हतं. आधी नाकाने साधा श्वास घ्या, म्हणजे छातीत स्वच्छ हवा असेल. मग झुरका फक्त गालात घ्या, स्ट्रॉने सरबत ओढतो तसा. दोन-तीन सेकंद तोंडात फिरवा आणि त्यातला तीन चतुर्थांश तोंडातून सोडून द्या. आता ओठ मिटा आणि कोणी काही सांगत असताना आपण तोंड न उघडता "हूं" म्हणतो ना, अगदी तसं हळू "हूं" म्हणा. छातीतली हवा नाकावाटे बाहेर पडताना तोंडात उरलेला धूर सोबत घेऊन जाते. बस, एवढंच. ओठ मिटल्यावर श्वास आत ओढलात की ठसका लागलाच म्हणून समजा, त्यामुळे आधी धुराशिवाय पाच-सहा वेळा करून बघा. पहिल्यांदा नाकात काळी मिरी हुंगल्यासारखी झणझण होते, मग धूर अजून कमी ठेवायचा. प्रत्येक झुरक्याला हे करायची गरज नाही, चार-पाच झुरक्यांतून एकदा पुरे.

दुसरी गोष्ट वेग, आणि माझ्या मते जास्त सिगार इथेच वाया जातात. मिनिटाला एक झुरका, फार तर दोन. भराभर ओढली की टोक तापतं, तंबाखू जळून कडू होते, आणि मग माणूस म्हणतो सिगारच खराब. पाच इंच लांब आणि ५० रिंग गेजची रोबुस्टो (रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तर ५० म्हणजे साधारण २० मिलिमीटर जाडी) तासभर तरी चालायला हवी. हाताला गरम लागली तर सरळ ठेवून द्या दोन मिनिटं. राख सारखी झटकू नका, इंचभर झाली की अॅशट्रेच्या कडेला नुसती टेकवा, आपोआप पडते. आणि तोंडाकडची बाजू चावून ओली करू नका, तिथे डांबरासारखा कडूपणा साठतो.

कापताना टोपी (तोंडाकडचं बंद टोक) पूर्ण उडवायची नाही, वरून दीड-दोन मिलिमीटर बास, नाहीतर बाहेरचं पान सुटायला लागतं. कापल्यावर न पेटवता एकदा हवा ओढून बघा, सुक्या गवताचा, मनुकांचा, कधी कधी गोठ्याचा वास येतो, तो वास चांगला, घाबरू नका. अमोनियाचा उग्र वास आला तर मात्र सिगार अजून कच्ची आहे, काही महिने पडू द्या. पेटवायला ब्युटेनचा लायटर किंवा लांब काडी, पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास पानात उतरतो. ज्योत टेकवायची नाही, जरा लांबून फिरवत कडा शेकायच्या, पापड भाजतो तसं.

आतलं आणि बाहेरचं पान माहीत असेल तर चव शोधणं सोपं जातं. क्युबात एकाच झाडाची खालची पानं व्होलाडो, ती नीट जळण्यासाठी, मधली सेको, ती वासासाठी, आणि वरची उन्हात तापलेली लिगेरो, ती जोरासाठी. चव शोधायला सुरुवात करायची असेल तर फिक्या कनेक्टिकट (बाहेरच्या पानाचा एक प्रकार) पानात गुंडाळलेली घ्या, काजू, साय, गवत असं काहीतरी मिळेल. निकाराग्वातल्या एस्तेलीच्या तंबाखूत मिरी आणि माती जास्त, आणि बाहेरचं पान काळपट असलेल्या मदुरोत काकवी, कोको. पुस्तकी शब्द पाठ करू नका, आपल्या घरातले शब्द वापरा. मला एकदा नव्या कोल्हापुरी चपलेचा वास सापडला, तेव्हापासून "लेदर" म्हणजे काय ते पक्कं कळलं.

ठेचा, लोणचं खाऊन लगेच बसू नका, आणि उपाशीपोटी तर अजिबात नको. मळमळलं तर गुळाचा खडा तोंडात टाका. सोबत पाणी किंवा बिनदुधाची कॉफी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सिगार उघड्यावर ठेवली तर फुगते, बुरशी येते, म्हणून हवाबंद डब्यात ६५ टक्क्यांचं ह्युमिडिटी पॅकेट (आतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारी पुडी) टाकून ठेवा.

शेवटच्या तिसऱ्या भागात जोर वाढतो, निकोटिन आणि डांबर मागे साठत आलेलं असतं. कडवट वाटली तर सिगारमधून एकदा हळूच बाहेर फुंका, आतला शिळा धूर निघून जातो. तरीही कडूच लागली तर तिथेच थांबा आणि अॅशट्रेत ठेवून द्या, चिरडू नका, ती आपली आपण विझते आणि खोलीत वासही कमी राहतो.