आधी चहा सोडवा, मग डोस वाढवा

लालबागला चाळीत राहते, पोळीभाजीचे डबे देते. रोज पंचावन्न ते साठ. २०१९ च्या मार्चमध्ये माझी थायरॉईडची पूर्ण ग्रंथी काढली. गळ्यात गाठीच गाठी झाल्या होत्या, गिळताना अडकायचं. बायोप्सी साधी निघाली, कॅन्सर नव्हता. टाके सुकले, आवाज परत आला, आणि मला वाटलं सुटले. पण थायरॉईडच्या गोळीचा डोस बसायला पुढे बरेच महिने गेले, आणि त्यातले निम्मे माझ्या चहापायी गेले. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, पण तो ठरवताना त्यांना खरी माहिती द्यायची असते, ती आपण देत नाही.

ग्रंथी गेली की शरीरात थायरॉईडचं हार्मोन बनणं बंद. रोजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच हार्मोन, बाहेरून. पूर्ण ग्रंथी काढलेल्या मोठ्या माणसाला साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. माझं वजन ६२ किलो, म्हणून १०० ची गोळी सुरू झाली. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर कमीवरून चढवत नेतात. तेव्हा शेजारणीला १२५ आणि मला ७५ का, असं म्हणून रुसू नये.

आठ आठवड्यांनी टीएसएच नावाची रक्ताची तपासणी केली. आकडा आला ९.४, म्हणजे जास्त. आता हा आकडा उलटा वाचायचा असतो, आणि इथे भलेभले फसतात. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी टीएसएच सोडते. रक्तात हार्मोन कमी पडलं की ती जोरात हाका मारते, आकडा चढतो. हार्मोन जास्त झालं की गप्प बसते, आकडा खाली येतो. म्हणजे टीएसएच जास्त तर गोळी कमी पडतेय.

डॉक्टरांनी विचारलं, "उपाशीपोटी घेता ना?" मी म्हटलं, हो तर! त्यांनी १२५ केली. पुन्हा आठ आठवडे, पुन्हा रक्त. ५.८. पाय जड, बद्धकोष्ठ, सकाळी चेहरा सुजलेला, कणीक मळता मळता डोळे मिटायचे. मला वाटलं आता १५० होणार.

ते होण्याआधी आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टने विचारलं, "काकू, गोळी नि चहा यात अंतर किती?" मी म्हटलं, अंतर कसलं, चहाबरोबरच घेते. चहा म्हणजे काय खाणं आहे का? आणि तो दुधाचा, साखरेचा, आल्याचा, पेलाभर. वर ऑपरेशननंतर दिलेली कॅल्शियमची गोळी त्याच घोटाबरोबर, विसरायला नको म्हणून. चहा-कॉफीने थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोह तर तिला पोटातच धरून ठेवतात, त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. मी खोटं बोलले नव्हते. आमच्या घरात चहाला कुणी अन्न धरतच नाही.

मग मी घड्याळ बदललं. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे चारला येतं. उठले की उशाशी ठेवलेली गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग पिंपं भरायची, कणीक भिजवायची, भाजी चिरायची. पाच वाजता चहा. एक तास आपोआप जातो, घड्याळ बघावं लागत नाही. कॅल्शियम दुपारी, जेवणाबरोबर. तुमच्याकडे चोवीस तास पाणी असेल तर आंघोळ, देवपूजा, फिरणं, कशालाही बांधा. पण रोज होणाऱ्या गोष्टीलाच बांधा, नुसत्या आठवणीवर सोडू नका. पहाटे जमतच नसेल तर काही जण रात्री झोपताना घेतात, जेवून तीन तास झाल्यावर. मी नऊला जेवते आणि दहाला आडवी होते, माझं ते गणित बसेना.

पुढे जे झालं ते मात्र नीट वाचा. गोळी तीच, १२५ ची, पण आता सगळी अंगी लागायला लागली. महिन्याभरात छातीत धडधड, हात कापायचे, पोळी लाटताना कडा वेड्यावाकड्या. मला वाटलं शेगडीची उष्णता असेल, नाहीतर वयाचे घामाचे लोट, मी तेव्हा अठ्ठेचाळीसची होते. टीएसएच केली तर ०.०८. हार्मोन जास्त झालं होतं. असंच लांबलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. डॉक्टरांनी परत १०० वर आणलं, आणि आठ आठवड्यांनी आकडा आला १.९. म्हणजे पहिल्या दिवशी दिलेला डोस बरोबरच होता!

म्हणून सांगते, रिपोर्ट बिघडला की डॉक्टरांसमोर बसण्याआधी कागदावर लिहा: गोळी किती वाजता, त्यानंतर चहा किती वाजता, कॅल्शियम, लोह, पित्ताच्या गोळ्या कधी, किती दिवस चुकले, नवीन काय सुरू झालं. पित्ताच्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी होतं, मग थायरॉईडची गोळीसुद्धा कमी शोषली जाते. मी मध्येच पिठात सोयाबीन घालायला लागले होते, तेही लिहिलं. आणि सवय बदलली तर तेही सांगा, नाहीतर माझ्यासारखी उलट बाजूची धडधड वाट्याला येईल.

बदल केला की सहा ते आठ आठवडे थांबायचं. ही गोळी रक्तातून निम्मी व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे दहा दिवसांनी तपासून हाती काही लागत नाही. त्याच कारणाने एक दिवस चुकला म्हणून जीव जात नाही. त्याच दिवशी आठवली तर पोट रिकामं असताना घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, माझ्या डॉक्टरांनी मला चालेल म्हणून सांगितलंय. मधल्या मापासाठी कधी कधी आठवड्यातले पाच दिवस १०० आणि दोन दिवस १२५ असंही देतात. तेव्हा कॅलेंडरवर खूण करा, डोक्यात ठेवू नका.

रक्त द्यायला जाताना गोळी पर्समध्ये ठेवते, रक्त दिल्यावर घेते. लॅब शक्यतो एकच. केसांसाठी बायोटिन खात असाल तर निदान दोन दिवस आधी बंद, त्याने आकडे खोटे येतात.

आमच्या मजल्यावरच्या एका ताईंचं ऑपरेशन कॅन्सरसाठी झालं होतं, पुढचे रेडिओआयोडीनचे, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचे उपचार परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. त्यांची टीएसएच ०.३ आणि डॉक्टर खूश. मला वाटलं, यांनाही धडधड होणार. पण त्यांच्यात ती मुद्दाम खाली ठेवतात, उरलेल्या पेशींना हाक ऐकू जाऊ नये म्हणून. किती खाली, ते धोका किती त्यावर. तेव्हा दोघींचे रिपोर्ट शेजारी मांडून चर्चा करू नका, आम्ही गॅलरीत बसून केली आणि दोघींची झोप गेली.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. ऑपरेशननंतरच्या दिवसांत बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या, हातापायात पेटके आले, तर कॅल्शियम घसरलेलं असू शकतं, लगेच दवाखाना गाठा. छातीत दुखलं, ठोके फार वेगाने पडले, तरी तेच. दिवस राहिले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, तेव्हा डोस वाढवावा लागतो.

बाटली मी आधी शेगडीवरच्या फळीवर ठेवायचे. वाफ, उष्णता, वर पावसाळा. आता साड्यांच्या कपाटात असते, आतली ओल शोषणारी छोटी पुडी न काढता, झाकण घट्ट. कंपनी बदलत नाही. दुकानात नसेल आणि दुसरी घ्यावीच लागली तर डॉक्टरांना सांगून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करते. वीस गोळ्या उरल्या की नवीन बाटली आणते, गणपतीत तर आधीच, कारण त्या दहा दिवसांत आमच्या गल्लीतून केमिस्टपर्यंत पोचणं हेच एक काम होऊन बसतं. आणि संकष्टीला सासूबाई विचारतात, गोळी उपासाला चालते का. चालते. चहाच फक्त पाचपर्यंत चालत नाही.