जिप्सम म्हणजे चुना नव्हे: जड धातूंच्या मातीत भाजी लावताना या चुका टाळा

"दादा, जमिनीत शिसं-कॅडमियम निघालंय, काय टाकू?" असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. सामू (पीएच; आकडा कमी तितकी माती आम्ल) किती, पाणी कुठलं, हे विचारलं की समोरचा गप्प. त्याला पावडरचं नाव हवं असतं, तेही आजच.

बदलापूरकडचा एक ओळखीचा मुलगा. भंगाराच्या गोदामामागे दोन गुंठे लाल माती, सामू ५.४. पालकात कॅडमियम कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाच्या मर्यादेपेक्षा (पालेभाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅम) जास्त निघालं. आम्ल मातीत कॅडमियम पाण्यात सुटतं आणि मुळं ते ओढतात, म्हणून मी चुना सांगितला. दुकानदार म्हणाला, "चुना कशाला? जिप्सम घाल, त्यातही कॅल्शियमच." तीन गोण्या गेल्या. पुढच्या हंगामात सामू होता तिथेच, कॅडमियमही तेवढंच. अहो, आम्ल मारतो तो चुन्यातला कार्बोनेट! जिप्सम म्हणजे सल्फेट. चोपण (सोडियमने घट्ट झालेल्या) जमिनीत ते कामाचं, इथे त्याने सामू तसूभरही चढत नाही.

मग हा चिडला. कळीचा चुना आणून हाताने फेकला आणि दुसऱ्याच दिवशी मेथी पेरली. वाफ्यात हिरवं काही दिसलंच नाही, बी जळून गेलं होतं. तिसऱ्या खेपेला मी स्वतः उभा राहिलो: शेतीचा बारीक दळलेला चुना, गुंठ्याला २० किलो, वीतभर खोल मिसळून पाणी दिलं आणि महिनाभर वाट पाहिली. सामू ६.५ च्या आसपास आला की मी हात आखडतो. त्यापुढे लोह-जस्त अडकतं आणि पालक पिवळा पडतो. चुन्याने धातू जमिनीतून जात नाही, नुसता अडकून राहतो. सामू घसरला की पुन्हा सुटतो, म्हणून दरवर्षी माती तपासा.

देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मात्र चुना ओतू नका, सामू आधीच आठच्या घरात असतो. आणि कॅडमियम असलेल्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरवायलाही जाऊ नका.

दुसरा माझा राग शहरी कचऱ्याच्या खतावर. ओला-सुका एकत्र, त्यात सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे. त्याचं काळंभोर खत बघून लोक खूश! खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गोणी घेण्याआधी तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर मी गोणी उचलत नाही, घरचं शेणखत आणि पालापाचोळाच वापरतो. स्वस्तातलं खत भरून वर्षभराने मला फोन करू नका.

पोटॅश द्यायचं तर एमओपी (पोटॅशियम क्लोराइड) नको. त्यातलं क्लोराइड कॅडमियम मोकळं ठेवतं. एसओपी (पोटॅशियम सल्फेट) महाग पडतं, पण मी तेच घेतो.

मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट ओतू नका, आर्सेनिक सुटून वर येतं.

शिसं बहुतेक वेळा पानावरच्या धुळीतून पोटात जातं. तिथे चुना काय करणार? वाफ्यावर आच्छादन घाला, भाजी तीन पाण्यांनी धुवा.

नाल्याचं पाणी चालूच ठेवून वर चुना टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

त्या मुलाने आता वाफ्यात वाल आणि भेंडी लावलीय, शेंगा-फळांत कॅडमियम कमी उतरतं. पालक कुंड्यांत गेलाय, बाहेरून आणलेल्या मातीत. ती मातीही त्याने आधी तपासून घेतली, मी न सांगता.