ख्मेर रूजसारख्या राजवटीवर डॉक्युमेंटरी करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुनं फुटेज मिळालं की ते डोळे झाकून टाइमलाइनवर टाकणं. कंबोडियात १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची सत्ता होती, अंदाजे १७ ते २० लाख माणसं गेली, पण त्या काळातलं शूटिंग बहुतेक त्यांनीच प्रचारासाठी केलेलं, त्यात माणसं झपाझप माती वाहताना दिसतात, उपासमार दिसत नाही. ते वापरायचंच तर कॅमेरा कोणाच्या हातात होता हे आधी सांगा, स्पीड कमी करा, चेहरे बघू द्या. आणि जे दृश्य कोणी टिपलंच नाही त्याच्या जागी दुसऱ्याच ठिकाणचं फुटेज चिकटवू नका, कंबोडियन दिग्दर्शक रिथी पान्ह यांनी २०१३ च्या डॉक्युमेंटरीत अशा जागी मातीच्या बाहुल्या वापरल्या, प्रेक्षकाला फसवलं नाही.

तुओल स्लेंग म्हणजे एस-२१, ख्मेर रूजने शाळेचा केलेला तुरुंग, तिथल्या कैद्यांच्या फोटोंना २०२१ मध्ये कोणीतरी रंग दिले आणि काहींच्या चेहऱ्यावर चक्क हसू आणलं! कंबोडिया सरकारने आक्षेप घेतला, फोटो हटवावे लागले. तिथल्या कबुलीजबाबांचंही तसंच, मारून मारून लिहून घेतलेले ते, नॅरेशनमध्ये पुरावा म्हणून वाचू नका.

इंटरव्ह्यू अडतोय? "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं" हा प्रश्न सोडून द्या, माणूस रडतो नाहीतर गप्प होतो, आणि रडवणं हे आपलं काम नाहीच. दिवस कसा जायचा ते विचारा, पेज किती मिळायची, कोण वाढायचं. रीएनॅक्टमेंट, म्हणजे घडलेलं पुन्हा करून दाखवणं, करायची तर वाचलेल्यांकडून अजिबात नको. पान्ह यांनी २००३ च्या डॉक्युमेंटरीत तुओल स्लेंगच्या जुन्या पहारेकऱ्यांना त्याच इमारतीत नेलं, एकजण रिकाम्या खोलीत ड्युटी करून दाखवतो, समोर कोणी नसताना कैद्यांवर ओरडतो, अंगात भिनलेलं सगळं बाहेर येतं. ख्मेर रूजचा प्रमुख पोल पॉट याची चित्रं काढून घ्यायची म्हणून जिवंत ठेवलेले चित्रकार वान नाथ तिथे प्रश्न विचारणारे आहेत, आणि मला ते फार योग्य वाटतं.

संमती एकदा सही घेऊन संपत नाही, कारण तिकडे मारणारे आणि वाचलेले एकाच गावात राहतात, त्यामुळे एडिट झाल्यावर मुलाखत दिलेल्यांना दाखवून परत विचारा, नाही म्हणाले तर तो भाग काढा, कितीही भारी असला तरी. आणि न कापलेलं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर पडून राहू देऊ नका, एक कॉपी त्या कुटुंबाला, एक नॉम पेन्हच्या बोफाना सेंटरसारख्या आर्काइव्हला द्या, तिथे सामान्य माणसाला जाऊन बघता येतं.