पैसे किती आले ते कळलं, पिक्चर किती जणांनी पाहिला ते नाही

मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरातल्या त्या ऑफिसात निर्मात्यानं मला एकच प्रश्न विचारला, "पहिला पिक्चर किती लोकांनी बघितला?" रात्री परभणीहून देवगिरीनं निघून सकाळी दादरला उतरलो होतो. पिशवीत दुसऱ्या पिक्चरची पटकथा होती, बजेट होतं, लोकेशनचे फोटो होते. हा प्रश्न येईल असं डोक्यातही नव्हतं. मी एक आकडा सांगितला. तो चुकीचा होता, आणि चुकीचा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

हे लिहितोय ते बीड, हिंगोली, जालना, नांदेडकडच्या पोरापोरींसाठी. कॅमेरा, एडिट, साउंड तुम्हाला येतं, निदान शिकायचं कुठं हे माहीत आहे. पिक्चर पूर्ण होऊन तो ओटीटीला जायच्या वेळी जो कागद समोर येतो, त्याच्याबद्दल मात्र आपल्याकडे कुणी बोलत नाही.

माझा पिक्चर ९६ मिनिटांचा. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात २२ दिवसांत शूट केला. भाषा आपली, म्हणजे 'मपलं-तुपलं'वाली, आणि ओळखीचा चेहरा एकही नाही. थिएटर मिळणं अवघडच होतं. मोठे प्लॅटफॉर्म लहान निर्मात्याशी सहसा थेट बोलत नाहीत, मध्ये अ‍ॅग्रिगेटर लागतो. म्हणजे लहानांचे पिक्चर घेऊन प्लॅटफॉर्मपर्यंत पोचवणारा मध्यस्थ. तो मिळाला. एकरकमी पैसे नाहीत, मिनिमम गॅरंटी म्हणजे ठरलेली किमान रक्कम नाही, फक्त रेव्हेन्यू शेअर, म्हणजे येईल त्यातला वाटा. प्लॅटफॉर्म पाहिलेल्या मिनिटांवर पैसे देणार, त्यातले ३० टक्के अ‍ॅग्रिगेटरचे, ७० टक्के माझे. "मिनिटाला पाच पैसे पडतील," असं तोंडी सांगितलं. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर सही केली, नोटरी केली आणि गावात पेढे वाटले.

अकरा महिन्यांनी मेलवर एक्सेल फाइल आली. उघडली तर एकच ओळ. पिक्चरचं नाव, कालावधी, आणि शेवटच्या रकान्यात 'निव्वळ देय : ६,४१२ रुपये'. मिनिटांचा रकानाच नव्हता.

इथं मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून सगळं गणित मांडतो. ६,४१२ ला पाच पैशांनी भागलं, १,२८,२४० मिनिटं आली. त्याला ९६ नं भागलं. पिक्चर साधारण १,३३६ वेळा पूर्ण पाहिला गेला, असा हिशोब निघाला. आरामनगरात मी हाच आकडा सांगितला. निर्माता म्हणाला, "तेराशे? एवढे तर तुमच्या गावातच असतील." पटकथा त्यांनी उघडलीही नाही.

खरं काय होतं ते पुढं चार महिने मेलामेली केल्यावर कळलं. करारात 'निव्वळ उत्पन्न' असा शब्द होता आणि त्याची व्याख्या शेवटच्या पानावर होती. एन्कोडिंग (फाइल प्लॅटफॉर्मला हवी तशी करणं), क्यूसी (तांत्रिक तपासणी), सबटायटल आणि डिलिव्हरी यांचा खर्च म्हणून ३८,००० रुपये आधी वळते केले होते. उरलेल्यातले ७० टक्के म्हणजे माझे ६,४१२. आता उलट चाला. ६,४१२ हे ९,१६० चे ७० टक्के. त्यात ३८,००० मिळवले की ४७,१६०. पाच पैशांच्या हिशोबानं ९,४३,२०० मिनिटं. भागिले ९६, म्हणजे ९,८२५. कुठं १,३३६ आणि कुठं ९,८२५! तेही पाच पैसे हा दर खरा धरला तर. तो कागदावर कुठंच नव्हता.

साडेनऊ हजारांवर पूर्ण पाहण्या. स्टार नसलेल्या, परभणीच्या बोलीतल्या पिक्चरला. हा आकडा घेऊन मी त्या खुर्चीत बसलो असतो तर पटकथा निदान उघडली गेली असती. म्हणून पुन्हा सांगतो : रुपयांवरून प्रेक्षक मोजता येत नाहीत. मधल्या प्रत्येक कपातीत माणसं गायब होतात. पैशाचं कलम आणि आकड्यांचं कलम ही दोन वेगळी कलमं आहेत. पैशाचं कलम सगळे वाचतात. दुसरं आपल्या करारात नसतंच आणि नसलेली गोष्ट वाचताना दिसत नाही.

हे फक्त आपल्यालाच भोगावं लागतं असं समजू नका. अमेरिकेत २०२३ साली पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत ही एक होती, की आमचं काम किती पाहिलं जातं ते सांगा आणि गाजलं तर जास्तीचे पैसे द्या. एवढी ताकदवान संघटना असूनही मिळालं काय? ठरावीक मोठ्या बजेटच्या कामांचे एकूण तास संघटनेला कळवायचे, तेही गोपनीयतेच्या अटीवर. आणि पहिल्या ९० दिवसांत तिथल्या २० टक्के सबस्क्रायबरनी पाहिलं तर बोनस. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सनं पहिल्यांदा सहा महिन्यांचा मोठा अहवाल काढला, १८,००० च्या वर शीर्षकांचे तास उघड केले. चांगलंच झालं. पण त्यात ५०,००० तासांच्या वर पाहिलेलीच शीर्षकं होती. ९६ मिनिटांच्या पिक्चरला ५०,००० तास म्हणजे ३१,००० च्या वर पूर्ण पाहण्या. आपल्यासारख्यांचे पिक्चर त्या यादीत सापडणं कठीण.

नेटफ्लिक्सचा 'व्ह्यू' म्हणजे काय तेही ध्यानात घ्या. एकूण पाहिलेले तास भागिले पिक्चरची लांबी. दहा जणांनी दहा-दहा मिनिटं पाहून सोडलेला १०० मिनिटांचा पिक्चर आणि एकानं शेवटपर्यंत पाहिलेला पिक्चर, दोन्हीकडे व्ह्यू एकच. त्यामुळं नुसते 'व्ह्यूज' मागू नका. एकूण मिनिटं मागा, वेगवेगळे प्रेक्षक किती ते मागा आणि शेवटपर्यंत किती जण टिकले ते मागा. जिल्हावार मिळालं तर सोनं. लातूर-धाराशिवात किती आणि पुण्यात किती हे दाखवता आलं तर पुढच्या पिक्चरचा स्थानिक प्रायोजक त्याच्यावर उभा राहू शकतो.

कॉपीराइट कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे चित्रपटाचा 'कर्ता' निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं पटकथालेखक, गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला वाटा मिळाला, तो सही करूनही सोडता येत नाही. दिग्दर्शकाला तसं काही नाही. तुम्ही लिहिताय आणि दिग्दर्शनही करताय, तर पटकथेचा करार वेगळा करा, निर्माता सख्खा मामा असला तरी. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या करारात दोन्ही व्यवस्थित लिहिलं होतं : सात वर्षं, संपूर्ण जग. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या. पटकथेची नोंदणी ऑनलाइन होते आणि करारात अडचण आली तर सभासदाला तिथं विचारता येतं.

नोटरी म्हणजे तपासणी नव्हे. नोटरी सही पाहतो, मजकूर पाहत नाही. संभाजीनगरात किंवा मुंबईत कॉपीराइटचं काम करणारा वकील गाठा. त्याची फी एका दिवसाच्या कॅमेरा भाड्याएवढी झाली तरी द्या. मी त्या वेळी पैसे वाचवले आणि ते मला फार महागात पडले.

आता मार्गदर्शकांबद्दल. मला एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं, "पहिल्या पिक्चरला पैशाचं विचारायचं नसतं, नाव होऊ दे." त्यांचा मी आजही आदर करतो, पण हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जो माणूस तुम्हाला स्वतःचा जुना करार काढून दाखवतो, कुठं चुकलो त्यावर बोट ठेवतो, तो मार्गदर्शक. बाकीचे फोटोपुरते. आणि ट्रेलरवर विकत घेतलेले व्ह्यूज ही तर पिक्चरशी गद्दारी आहे. ट्रेलरला चार लाख आणि कॉमेंट अकरा, हे समोरच्याला पाच सेकंदांत कळतं. मग तुमचे खरे आकडेही कुणी मानत नाही.

घाबरवायचा माझा हेतू नाही. मला स्वतःला त्या बैठकीनंतर सात-आठ महिने लिहायला बसवलं नाही. शेतात जायचो, यायचो. चुलते विचारायचे, "काय करायलास रं? पिक्चर सोडलास का?" मग हिंगोलीच्या एका शिक्षकांचा फोन आला, आठवीच्या वर्गाला दाखवला म्हणून. पोरं घरी जाऊन आपल्या आज्यांशी बोलीवर बोलली, असं ते सांगत होते. हे कुठल्याच रकान्यात येणार नव्हतं. त्या रात्री पुन्हा लिहायला बसलो.

सध्या दुसऱ्या पिक्चरआधी एक १८ मिनिटांची शॉर्टफिल्म केली आणि स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकली. पैसे नगण्य आहेत. पण कोणत्या मिनिटाला माणसं उठून गेली, तो आलेख माझ्या मोबाइलवर मला दिसतो आणि मी तो कुणालाही दाखवू शकतो. सहाव्या मिनिटाला मोठी गळती होती. तिथला प्रसंग मला फार आवडायचा. पुढच्या पटकथेत तसाच एक होता, तो काढला.

दुसऱ्या पिक्चरची बोलणी एका वेगळ्या कंपनीशी चालू आहेत. या वेळी कराराला परिशिष्ट जोडलंय : दर तीन महिन्यांनी विवरण, त्यात एकूण मिनिटं, दर, प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत, आणि हे आकडे पुढच्या निर्मात्याला दाखवायची लेखी मुभा. ही शेवटची ओळ विसरू नका, नाहीतर गोपनीयतेच्या कलमाखाली मिळालेला आकडाही खिशातच राहतो. त्यांनी दोन रकाने खोडून परत पाठवलंय. त्यातला एक मी सोडायला तयार आहे. मिनिटांचा नाही.