जळगावात माल, पुण्यात एडिटर: विखुरलेल्या टीमने सोशल मीडिया कसा सांभाळावा

खान्देशातल्या नव्या उद्योगांची मांडणी आता बहुधा अशी असते: पापड-मसाल्याचं किंवा केळीच्या वेफर्सचं युनिट जळगाव नाहीतर शिरपूरला, ऑर्डरी बघणारी ताई अमळनेरला घरून, जाहिराती सांभाळणारा धुळ्यात आणि एडिटर पुण्यात. चार माणसं असतात तोवर सगळं फोनवर निभतं. दहा-बारा झाली की पोस्ट अडकतात, एकाच ग्राहकाला दोघं दोन भाव सांगतात, आणि दोष जातो ‘रील चालत नाही’ यावर. गळती खरं तर दोन माणसांच्या मधे असते. कच्चा व्हिडिओ कुणी कुणाकडे द्यायचा, होकार कुणाचा, उत्तर कुणी द्यायचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. पुढची सगळी पद्धत त्या जागा बुजवण्यासाठी आहे. उदाहरणं खाण्याच्या मालाची आहेत, पण पाइप, चटया किंवा दागिने विकणाऱ्यालाही ती तशीच लागू पडतात.

आधी चाव्या नीट ठेवा

इन्स्टाग्रामचा पासवर्ड ग्रुपवर टाकून चौघांनी वापरणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. जळगाव, धुळे, पुणे अशा तीन ठिकाणांहून लॉगिन झालं की इन्स्टाग्रामला संशय येतो, तो कोड मागतो, आणि कोड जातो युनिटमधल्या कुणाच्या तरी फोनवर. तो माणूस शेतात असला की दिवसभर खातं बंद. म्हणून मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) बिझनेस पोर्टफोलिओत फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम जोडून घ्या आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या लॉगिनवरून हवा तेवढाच अधिकार द्या: एडिटरला पोस्ट टाकण्याचा, जाहिरातवाल्याला जाहिरातीचा, ऑर्डरवाल्या ताईंना मेसेजचा. पूर्ण ताबा दोघांकडे हवाच. एकाकडेच असला आणि त्याचं खातं हॅक झालं, तर पेज परत मिळवायला कित्येक आठवडे जातात.

सिमकार्ड आणि जीमेल कंपनीच्या नावाने असावं. भाच्याच्या किंवा सुरुवातीच्या डिझायनरच्या नंबरवर उघडलेलं खातं आजच बदलून घ्या. दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी) सुरू करा आणि तिचे बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा. माणूस काम सोडतो त्याच दिवशी त्याचा अधिकार काढायचा, संबंध कितीही चांगले असले तरी.

शूटिंगची चिठ्ठी

युनिटमध्ये फोन धरणारा आणि पुण्यात एडिट करणारा एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे ‘छान घे रे भो’ एवढ्यावर काम होत नाही. प्रत्येक रीलसाठी पाच-सहा ओळींची चिठ्ठी लिहायची. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या खान्देशी पापडांचं उदाहरण घेऊ:

विषय: बिबडा तळल्यावर किती फुलतो.
पहिले तीन सेकंद: कच्चा बिबडा तेलात सोडताना अगदी जवळून, आवाजासकट.
बाकीचे शॉट: शिजलेल्या ज्वारीच्या पिठातले तीळ-मिरची दिसतील असं पातेलं, ओल्या कापडावर हाताने थापताना फक्त हात, खाटेवर वाळत घातलेली पूर्ण रांग, तळलेला बिबडा मोडताना.
प्रत्येक शॉट: ८ ते १० सेकंद, उभा फोन, हात स्थिर, ३ वेळा.
शेवटी सांगायचं: २५० ग्रॅमचं पाकीट, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.
कच्चं कुणाकडे, कधीपर्यंत: एडिटर, मंगळवार दुपारी ४.

‘३ वेळा’ हे शब्द गाळू नका. एकच टेक आला आणि त्यात मागून कुणी हाक मारली, तर पुण्यातला माणूस पुन्हा शूट करू शकत नाही, आणि वाळवणाचा हंगाम थांबत नाही. बिबडे फाल्गुन-चैत्रात होतात. तेव्हा घेतलेलं फुटेज वर्षभर पुरवायचं असतं.

फोनचा कॅमेरा १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवा. फोर-के घेतलं की फाइल फुगते, आणि रीलच्या १०८० बाय १९२० चौकटीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबला जाऊन धूसर होतो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो. त्यापेक्षा ड्राइव्हवर तारीख, विषय आणि ‘कच्चं’ किंवा ‘तयार’ अशा नावाने टाकणं बरं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशा फाइली जमल्या की चुकीच्या भावाची रील बाहेर पडलीच म्हणून समजा.

इथलं ऊन हा वेगळाच विषय आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी अंगणात फोन तापून कॅमेरा बंद पडतो आणि पांढरा पापड पांढऱ्याफटक उजेडात दिसतच नाही. सकाळी ९ च्या आत नाहीतर ५ नंतर घ्या. भरीत हिवाळ्यातलं: कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना आणि बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचतानाचे शॉट डिसेंबर-जानेवारीत घेऊन ठेवायचे. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनाचं नाव जाहिरातीत वापरायला उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती नसेल तर तो शिक्का पोस्टवर टाकू नका.

वाळवण करणाऱ्या बायकांचे चेहरे घेण्याआधी विचारा, व्हिडिओ कुठे दिसणार तेही सांगा, आणि नको म्हटलं तर फक्त हात दाखवा. तो शॉट बहुतेक वेळा जास्त चांगला येतो.

अक्षरं आणि बोली

रीलच्या वर सुमारे १४ टक्के आणि खाली ३५ टक्के जागा बटणं आणि कॅप्शन खातात. भाव किंवा नंबर त्या पट्ट्यात गेला की दिसत नाही. मजकूर मधल्या भागात ठेवा. काही एडिटिंग अ‍ॅपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो. मुक्त, बालू किंवा नोटो देवनागरी असा पूर्ण फॉन्ट टीममध्ये सगळ्यांनी एकच ठरवा आणि तयार व्हिडिओ फोनवर एकदा वाचून घ्या.

अहिराणीतलं एक वाक्य धुळे-अमळनेर-चाळीसगावच्या माणसाला थांबवतं, हे खरं. पण रावेर-यावल-फैजपूरकडे लेवा बोली आहे, नंदुरबारला गुजर, भिली, पावरी बोलणारे आहेत. सगळ्या खान्देशाला एकच अहिराणी चिकटवली की निम्म्यांना ती परकी वाटते. पुण्याच्या एडिटरने अंदाजाने लिहिलेली अहिराणी तर कानाला लगेच खटकते. बोलीतली ओळ ती बोली घरात बोलणाऱ्याकडूनच लिहून घ्या. त्यासाठी युनिटमधल्या ताईंची एक ओळ पुरते.

आणि गाणी! बिझनेस खात्याला गाजलेली सिनेगीतं बहुधा मिळत नाहीत, आणि वैयक्तिक खात्यावरून टाकली तरी जाहिरातीला हक्काचा प्रश्न येतोच. मेटाचा मोफत साउंड संग्रह आहे. तळणीचा, खलबत्त्याचा खरा आवाज मात्र त्याहून चांगला चालतो.

होकार कुणाचा

एकच माणूस होकार देणार, हे ठरवा. संध्याकाळी ६ पर्यंत हरकत आली नाही तर पोस्ट जाणार, हा नियम ठेवला की काम अडत नाही. तीन गोष्टींना मात्र गप्प राहणं म्हणजे होकार नाही: भाव, कुणाचा चेहरा, आणि आरोग्याचा दावा. ‘शुगर कमी होते’, ‘गुडघेदुखी जाते’ असं खाण्याच्या मालावर लिहिणं सरळ अंगाशी येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. पैसे किंवा फुकट माल देऊन कुणाकडून रील करून घेतली असेल, तर तिच्यावर ‘जाहिरात’ असं ठळक लिहायला लावा.

व्हॉट्सअ‍ॅप आणि जाहिरातीचा पैसा

खान्देशात विक्री अजूनही वेबसाइटपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त ठरते. बिझनेस अ‍ॅपवर एक मुख्य फोन आणि चार जोडलेली उपकरणं चालतात. मुख्य फोन १४ दिवस उघडलाच नाही तर बाकीची बाहेर पडतात. लेबलं कमी ठेवा: ‘नवीन’, ‘पैसे बाकी’, ‘पाठवलं’, ‘तक्रार’. ज्याने चॅट उचललं त्यानेच ते संपवायचं, हा नियम लिहून ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पाकिटावर नंबरासोबत ‘हा नंबर सेव्ह करा’ असं छापणं फायद्याचं.

प्रत्येक रीलला वेगळी व्हॉट्सअ‍ॅप लिंक द्या, जिच्यात आधीच भरलेला मेसेज वेगळा असेल: एकीत ‘बिबडे हवेत’, दुसरीत ‘भरीत मसाला हवा’. कुठल्या रीलने ऑर्डर आणली ते त्यावरून कळतं. फॉलोअर किती वाढले यापेक्षा सेव्ह, शेअर, मेसेज आणि ऑर्डर हे चार आकडे दर सोमवारी शीटमध्ये भरा.

जाहिरातीत नवखे लोक पैसा घालवतात तो एकाच ठिकाणी. जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटाच्या प्रणालीला शिकायला एका अ‍ॅड सेटमध्ये (एकाच प्रेक्षकासाठीच्या जाहिरातींच्या गटात) आठवड्याला साधारण ५० निकाल, म्हणजे ऑर्डरी किंवा मेसेज, लागतात. समजा, एक ऑर्डर मिळवायला १५० रुपये पडतात. ५० ऑर्डरींना ७,५०० रुपये हवेत. तुमचं बजेट दिवसाला ५०० म्हणजे आठवड्याला ३,५०० असेल, तर प्रणाली ऑर्डरीवर कधीच नीट शिकणार नाही. मग उद्दिष्ट ‘मेसेज’ ठेवा. एक मेसेज २५ रुपयांना पडला तर तेवढ्याच पैशांत १४० येतात. पाच अ‍ॅड सेटमध्ये शंभर-शंभर रुपये वाटू नका, एकच चालवा. रोज बजेट आणि प्रेक्षक बदलू नका. मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, खात्यात कंपनीचा जीएसटी क्रमांक भरला असेल तरच त्याचं क्रेडिट मागता येतं. खूप जण हे विसरतात.

दूर बसलेल्या माणसाला टीममध्ये धरून ठेवणं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. युनिटमधले लोक चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या ठरवतात की या आठवड्यात भाव दहा रुपयांनी वाढवू. पुण्यातल्या एडिटरला ते जुन्या भावाची रील गेल्यावर कळतं. तो दोनदा गप्प बसतो, तिसऱ्यांदा दुसरीकडे काम शोधतो. यावर उपाय साधा आणि कडक हवा: चहावर ठरलेलं काहीही संध्याकाळपर्यंत ‘निर्णय’ नावाच्या वेगळ्या ग्रुपवर लिहिलं गेलं नाही, तर ते ठरलंच नाही असं धरायचं. एका ओळीत: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपासून. या ग्रुपवर गुड मॉर्निंग, मीम, वाढदिवस काही नाही. त्यासाठी दुसरा ग्रुप असू द्या, तोही हवाच.

मीटिंगला एकजण जरी लांबून असेल, तर सगळ्यांनी आपापल्या फोन किंवा लॅपटॉपवरून हेडफोन लावून यायचं. पाचजण एका स्पीकरभोवती बसले की लांबच्याला फक्त हशा ऐकू येतो.

दुसरी अडचण आपल्या आदबीतून येते. मालकांना ‘भाऊ’ किंवा ‘आबा’ म्हणणारा बावीस वर्षांचा मुलगा ग्रुपवर ‘भाऊ, हे चालणार नाही’ असं लिहीत नाही. गप्प राहतो, आणि ते होकारासारखं दिसतं. म्हणून मत आधी लेखी मागवा, सगळ्यांत लहान माणसाचं पहिलं, आणि भाऊंनी शेवटी बोलावं. कामाची चूक दाखवायची ती एकट्याला फोन करून, कौतुक मात्र ग्रुपवर, नेमकं कशाचं ते सांगून.

रोज सकाळी १० पर्यंत प्रत्येकाच्या तीन ओळी: काल काय झालं, आज काय, कुठे अडलं. रात्री ८ नंतर ग्रुपवर लिहिलेल्याला सकाळपर्यंत उत्तराची अपेक्षा नाही. फोन करायची मुभा फक्त खातं हॅक झालं, चुकीची पोस्ट गेली किंवा मालात बिघाडाची तक्रार आली तर. घरी बसून काम करणाऱ्या सुनेला रात्री ११ ला मेसेज येत राहिले, तर घरच्यांचा पाठिंबा सगळ्यांत आधी सुटतो.

उन्हाळ्यात वीज जाणार हे धरूनच वेळा आखा: सकाळी ७ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ८. घरच्या राउटरला छोटा यूपीएस घ्या. विकत घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतात. वस्तीतली वीज गेली की कधीकधी केबलवाल्याचं यंत्रही बंद पडतं, तेव्हा दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला हाताशी हवं. ही सोय कंपनीने द्यावी, माणसाच्या पगारातून नाही.

सुट्ट्यांचा तक्ता जानेवारीतच टाका आणि त्यात आखाजी (अक्षय तृतीया), श्रावणातली कानबाई, पोळा लिहा. कानबाईच्या रविवारी घरातली बाई मोकळी नसते. त्या आठवड्याच्या पोस्ट आधीच शेड्यूल करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सोमवारी उत्तर देऊ’ हा मेसेज लावा.

दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी एकत्र भेटा. अमळनेर सोयीचं: सुरत-भुसावळ लाइनवर आहे, त्यामुळे जळगाव आणि नंदुरबारचे रेल्वेने येतात, धुळेकर रस्त्याने, पुण्याचा जळगावपर्यंत रेल्वेने येऊन पुढची गाडी धरतो. दुपारपर्यंत काम: तीन महिन्यांच्या चांगल्या आणि पडलेल्या रील एकत्र बघा, अडलेल्या जागांची यादी वाचा, पुढच्या हंगामाचं शूटिंग ठरवा. दुपारनंतर वरण-बट्टी किंवा शेवभाजी-भाकरी, आणि कामाचा विषय बंद. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या.